तळाचा मासा गरवताना

गळाच्या दुकानात गेलात की दुकानदार आधी काठी दाखवतो, मग रीळ, मग रंगीबेरंगी प्लास्टिकचे मासे. तळाचा मासा धरायचा असेल तर हा क्रम उलटा लावायचा. आधी तळ समजून घ्यायचा, तळावरून शिसं ठरवायचं, शिशावरून दोरी, माशावरून गळ आणि आमिष. काठी सगळ्यात शेवटी, आणि नसली तरी अडत नाही. देवगड-मालवणकडे होडीतून गरवणारे पुष्कळ जण आजही तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी बाटलीला नाहीतर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून नेतात आणि बोटावरच मासा खेळवतात. होडीत नवखा माणूस असला की त्याला पहिला प्रश्न येतो तो ‘शिसां तळाक लागलां काय?’ हाच. कुठला गळ लावलास, हे नंतर.

ही कृती रत्नागिरी ते वेंगुर्ला या पट्ट्यासाठी आहे. खडपावरून, जेटीवरून, खाडीच्या तोंडाशी आणि लहान होडीतून फार तर पंधरा वाव पाण्यात. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांतलं अंतर, साधारण सहा फूट. उत्तरेला रायगड-मुंबईकडे पाणी गढूळ, तळ बराचसा चिखलाचा आणि भरती-ओहोटीतला फरकही जास्त. तिथे कृती हीच, फक्त शिसं जड लागतं.

तळ ओळखणे

तळाचे मासे सगळे एका जागी नसतात. शिंगाळा चिखलात आणि खाडीच्या गढूळ तोंडाशी हिंडतो. मुडदुशी स्वच्छ वाळूची. ढोमा वाळू-चिखलाच्या मिसळीवर थव्याने फिरतो. तांबोशी आणि गोब्रा खडपाचे. त्यांना कपार, बीळ, बुडालेलं लाकूड, जेटीचा खांब असलं काहीतरी अंगाशी हवं असतं. वाम दिवसा चिखलात किंवा दगडांच्या फटीत पडून राहते आणि अंधार पडला की बाहेर निघते. पाकट वाळूत अंग पुरून बसतं. लेपाच्या मागे गळ घेऊन लागू नये. त्याचं तोंड बारीक, खाणं वाळूतल्या किड्यांचं, तो जाळ्यातच मिळायचा.

म्हणून पहिला अर्धा तास गळ न लावता नुसतं शिसं टाकून बघावं. दोरीला पन्नास-साठ ग्रॅमचं शिसं बांधा, टाका, तळाला लागू द्या आणि दोरी ताणून हळूहळू ओढा. वाळूवर शिसं एकसारखं घसरत येतं, बोटाला बारीक खरखर जाणवते. चिखलात ते पडताना ठक्‌ होत नाही, रुततं, आणि ओढताना आधी जड लागून मग एकदम सुटतं. खडपावर ते ठेचकाळत येतं, मध्येच अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. शिंपल्यांचा थर असला तर कपबशी घासल्यासारखा कोरडा थरकाप दोरीतून वर येतो. एवढे चार प्रकार बोटाला कळले की निम्मं काम झालं.

होडीतून तळ बघण्याची जुन्या गलबतांवरची एक युक्ती आहे. ती आजही चालते. शिशाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची आणि शिसं तळाला टेकवून वर घ्यायचं. आपण चरबीऐवजी कपडे धुण्याचा मऊ साबण दाबून भरावा. साबणाला वाळू चिकटून आली तर वाळू, काळा लेप आला तर चिखल, आणि साबण नुसताच चेपून, ओरखडून आला तर खाली कातळ. नकाशा, यंत्र काही नको.

सगळ्यात चांगली जागा शुद्ध वाळूतही नाही आणि शुद्ध खडपातही नाही. जिथे एक संपून दुसरं सुरू होतं ती कड धरावी. खडपातला मासा तिथे खायला बाहेर येतो आणि वाळूवरचा आडोशाला येतो. भाट्ये, जयगड, विजयदुर्ग, देवबाग, कुठल्याही खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उभं राहून नीट पाहिलं तर अशा कडा उघड्या दिसतात. त्या तेव्हाच मनात, नाहीतर मोबाइलमध्ये, टिपून ठेवाव्यात. भरती आली की त्याच जागी गळ पडायला हवा.

मालवणला एक खबरदारी. तिथलं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गळ टाकण्याआधी वनखात्याकडे हद्द विचारून घ्यावी.

वेळ साधणे

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब तिथीचा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा ढोबळ हिशेब आहे, गावागणिक वेळ मागेपुढे होते. छापील कोष्टक हाती असेल तर तेच पाहावं.

वेळेइतकाच पाण्याचा जोर महत्त्वाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की हलकं शिसं तळावर टिकतच नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा पाणी सुस्त. नवशिक्याने भांगाला सुरुवात करावी. हात बसला की उधाणाच्या एक-दोन दिवस आधीचे किंवा नंतरचे दिवस धरावेत. कारण पाणी अजिबात हललं नाही तर आमिषाचा वास पसरत नाही आणि तळाचा मासा वासावर येतो. एका भरतीत मधले दोन तास ओढ सगळ्यात जास्त असते. गरवायला उत्तम वेळ भरती पूर्ण होण्याआधीचा दीड-दोन तास आणि पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास. तांबोशी आणि वामेसाठी हीच वेळ अंधारात आली तर सोन्याहून पिवळं.

पावसाळ्यात खडपावर जाऊच नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ती नौकांपुरती. खडपावर उभ्या माणसाला कोणी अडवत नाही, म्हणून तर दरवर्षी कुणीतरी वाहून जातं. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला की मग निघावं.

दोरी आणि गळ

वाळू-चिखलासाठी 0.40 ते 0.50 मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरतो. खडपासाठी 0.70 ते 0.90. विणलेली दोरी बारीक असून मजबूत असते, ताणत नाही, त्यामुळे चावा झटकन कळतो. पण ती नुसत्या हाताने खेचू नये, बोट कापतं. शिवाय कालवं लागलेल्या दगडावर ती तंगुसाच्या आधी तुटते. खडपावर साधा जाड तंगूसच बरा, असं माझं मत आहे, आणि तो स्वस्तही पडतो.

गळाच्या नंबरांनी नवशिक्याचा गोंधळ होतो. 10, 8, 6 असे उतरत आलो की गळ मोठा होत जातो. 1 नंतर 1/0, 2/0, 3/0 असं सुरू होतं आणि मग आकडा वाढेल तसा गळ वाढतो. मुडदुशीला 8 किंवा 10, ढोम्याला 1/0 पर्यंत, शिंगाळ्याला 2/0 ते 4/0, तांबोशी-गोब्र्याला 4/0 ते 6/0. अडलं तर एक नंबर लहान घ्यावा. लहान गळावर मोठा मासा लागतो, मोठ्या गळावर लहान मासा लागत नाही.

टोक आत वळलेला गोल गळ मिळतो, तो खडपाच्या माशांना फार सोयीचा. तो घशात रुतत नाही, माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो. मात्र त्याला झटका द्यायचा नसतो. झटका दिलात की तो तोंडातून सुटून येतो. मासा ओढू लागला की दोरी नुसती ताणून धरायची, गळ आपणहून फिरून बसतो. वर्षानुवर्षं झटका मारायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं.

नवीन गळसुद्धा नखावर टेकवून पाहावा. टोक नखावर सरकलं तर बोथट, रुतून थांबलं तर ठीक. बोथट असेल तर बारीक कानशीचे दोन-तीन हात पुरतात. गाठ बांधताना दोरी गळाच्या डोळ्यातून ओवून तिचं टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा पिळावं, डोळ्याजवळच्या फटीतून मागे घ्यावं, मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढावं आणि आवळण्याआधी थुंकीने ओलं करावं. कोरडा तंगूस आवळताना तापतो आणि गाठीतच कमजोर होतो. मोठा मासा तोडून गेला असं लोक सांगतात, तेव्हा बऱ्याचदा तो गाठीतून सुटलेला असतो. दोरीचं टोक कुरळं होऊन आलं असेल तर तुटली नाही, गाठ निसटली, हे ओळखावं.

वामेसाठी गळाच्या वर वीतभर पोलादी तार हवीच, तिचे दात तंगूस कात्रीसारखे कापतात. तांबोशीला मात्र तार लावू नये. तिला तार दिसते आणि ती आमिषाजवळ येऊन परतते. तिच्यासाठी 0.80 चा तंगूस हातभर.

शिसं आणि जोडणी

नियम एकच आणि तो सगळ्यात जास्त मोडला जातो. तळावर टिकेल इतकंच शिसं, त्याहून एक तोळाही जास्त नको. जड शिसं लावलं की दोरी सरळ राहते, दिसायला छान दिसतं, पण चावा शिशाच्या वजनात बुडून जातो. खाडीत भांगाला 20 ते 40 ग्रॅम, उधाणाला 60 ते 120. होडीतून खोलीप्रमाणे 100 ते 250. शिसं टाकून दोरी हलकीच उचलावी. ते सरकून पुन्हा टेकलं तर वजन बरोबर. जागचं हललंच नाही तर जड, उचलायच्या आधीच वाहत निघालं तर हलकं. पाण्याची ओढ तासातासाला बदलते, तसं शिसंही बदलावं लागतं. त्यासाठी खिशात तीन वजनं असू द्यावीत. वाळूवर चपटं किंवा चौकोनी शिसं टिकतं. खडपावर लांबट, नाशपातीसारखं घ्यावं, ते फटीत कमी अडकतं.

पहिली जोडणी सरकत्या शिशाची, वाळू आणि चिखलासाठी. मधोमध भोक असलेलं शिसं मूळ दोरीत ओवावं, खाली मणी घालावा, मग फिरकी बांधावी. फिरकीच्या दुसऱ्या कडीला दोन हात लांब बारीक दोरी आणि तिला गळ. मासा आमिष उचलून निघाला की दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही. शिंगाळा आणि ढोमा या जोडणीवर निर्धास्त खातात. पाकटाच्या मागे कुणी मुद्दाम लागत नाही, पण तेही याच जोडणीवर येतं.

दुसरी जोडणी होडीतून सरळ खाली सोडायची. शिसं सगळ्यात खाली. त्याच्या वर दीड वितीवर पहिला फाटा, आणखी दोन हात वर दुसरा. फाटे आखूड ठेवावेत, अर्धी वीत बस्स, आणि मूळ दोरीहून जरा ताठ तंगुसाचे, म्हणजे ते दोरीला गुंडाळत नाहीत. दोन गळांना दोन वेगळी आमिषं लावावीत, एकाला कोळंबी, एकाला बांगड्याची पट्टी. मासे काय खातायत हे दहा मिनिटांत कळतं. तिसरा फाटा लावायचा मोह टाळावा. गुंता सोडवण्यात भरती निघून जाते.

तिसरी खडपाची, आणि माझ्या मते कोकणात हीच सगळ्यात आधी शिकावी. खडपात मासा अडकत नाही, शिसं अडकतं. मग माणूस ओढतो आणि गळ, फिरकी, कधी लागलेला मासासुद्धा गमावतो. यावर उपाय असा, की फिरकीला जाड दोरीने गळ बांधायचा, पण शिसं बांधायचं ते मुद्दाम कमकुवत दोरीने. मूळ दोरी 0.70 असेल तर शिशाची दोरी 0.25 ची, वीतभर. शिसं फटीत अडकलं की तेवढीच तुटते, मासा आणि गळ वर येतात. अशा जोडणीला शिसं वाया घालवू नये. गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग मागून आणावेत, नाहीतर लांबट दगडाला सुती दोऱ्याने बांधावं. ही जोडणी फेकताना चाबकासारखा झटका देऊ नये, कमकुवत दोरी हवेतच तुटते. कंबरेच्या उंचीवरून सावकाश झोका देऊन सोडावी. खडपात गळाची दोरी आखूड हवी, वीत-दीड वीत. लांब ठेवली की आमिष कपारीत शिरतं आणि तिथे कुर्ल्यांचंच जेवण होतं.

आमिष

ताजी कोळंबी सगळ्यांना चालते, म्हणूनच ती सगळेच आधी पळवतात. खवल्या, कुर्ल्या, बोटाएवढी पोरं. जिवंत कोळंबी तांबोशीसाठी राखून ठेवावी. ती लावताना डोक्यातला काळा ठिपका टाळावा, तिथे टोचलं की ती मेलीच. डोक्यावरच्या काट्याखालून किंवा शेपटीच्या शेवटून दुसऱ्या पेऱ्यातून गळ आडवा घालावा. घमेल्यात पाणी तापू देऊ नये, गर्दी करू नये. पाण्याचा पंप नसेल तर ओल्या गोणपाटात सावलीत ठेवलेल्या कोळंब्या घमेल्यातल्यापेक्षा जास्त टिकतात.

बांगडा आणि तारली यांचा वास लांब जातो, पण मांस भुसभुशीत असतं, फेकताना गळून पडतं. ते खारवून घ्यावं. एक किलो बांगड्याचे काटा काढून दोन्ही बाजूंचे तुकडे करावेत, त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापाव्यात, साल ठेवावी. पाव किलो जाडं मीठ घेऊन चाळणीत पट्ट्यांचा एक थर, मिठाचा एक थर असे लावावेत. खाली भांडं ठेवावं, पाणी गळत राहील. रात्रभर सावलीत असंच राहू द्यावं. सकाळी पट्टी बोटाने दाबली तर रबरासारखी ताठ लागते आणि रंग जरा गडद झालेला असतो. मीठ झटकून पिशवीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या तर महिनाभर कामाला येतात. पट्टी लावताना गळ सालीकडून आत, मांसातून बाहेर, पुन्हा सालीकडून आत असा दोनदा ओवावा आणि टोक उघडं ठेवावं. टोक मांसात लपवायची खोड वाईट. आमिष शाबूत परत येतं आणि माणूस समजतो की मासाच नाही.

माकूल सगळ्यात चिवट. त्याची लांबट त्रिकोणी पट्टी कापून रुंद बाजूला एकदाच टोचावी, म्हणजे टोक पाण्यात फडफडतं. खवल्या-कुर्ल्यांचा उपद्रव फार असेल तेव्हा माकूल लावून निवांत बसता येतं. गोब्र्याला ते आवडतंही.

कुर्ली लावायची तर नांग्या मोडाव्यात, पाठीचं कवच काढावं, मधोमध दोन तुकडे करावेत आणि पायाच्या खोबणीतून गळ बाहेर काढावा. जेटीच्या खांबाशी बसलेल्या मोठ्या तांबोशीला याहून चांगलं आमिष मला माहीत नाही. मुळे आणि तिसऱ्यांचा लगदा मुडदुशीला लावावा. तो गळावर राहत नाही म्हणून शिवणाच्या बारीक दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यावेत, गाठ मारायची गरज पडत नाही. पागेने, म्हणजे फेकजाळ्याने, धरलेलं बोटभर बोयटं पाठीच्या काट्यापुढे टोचून खाडीच्या तोंडाशी सोडलं तर तळाचा मोठा मासा येतो. कधीकधी चोणकही घास घेते आणि मग तळाचा विषय तेवढ्यापुरता बाजूला राहतो.

पाणी सुस्त असेल तर चारा टाकावा. तारल्या ठेचून त्यात तितकीच ओली वाळू मिसळायची, जाळीच्या पिशवीत भरून पिशवीत एक दगड घालायचा आणि दोरीने तळाशी सोडायची. पाणी जिकडून येतं त्या बाजूला, आपल्या गळाच्या दोन-तीन वाव आधी. जास्त चारा टाकला तर मासे चाऱ्यावरच पोट भरतात. मूठमूठ बास.

टाकणे, ओळखणे, ओढणे

होडी असेल तर नांगर टाकतानाच विचार करावा. खडपात नांगर अडकून दोर कापावा लागू नये म्हणून दोर नांगराच्या बुडाला बांधतात आणि वरच्या कडीला फक्त सुतळीने अडकवतात. नांगर अडकला की जोराने ओढायचं, सुतळी तुटते आणि नांगर बुडाकडून उलटा निघून येतो. होडी खडपाच्या वर नको, पाण्याच्या ओढीच्या वरच्या बाजूला उभी करावी, म्हणजे आमिष आपोआप कडेवर जाऊन पडतं.

दोरी सोडताना दोन बोटांत धरून सोडावी. शिसं टेकलं की ती एकदम सैल पडते. लगेच ताण घ्यावा आणि खडपात असाल तर हातभर वर उचलून धरावी. वाळूत तळालाच राहू द्यावी.

चावा प्रत्येकाचा वेगळा. मुडदुशी टिकटिक करते, जलद आणि बारीक. ढोमा दोन झटके देऊन थांबतो, मग घेऊन निघतो. वर आल्यावर त्याचं कुरकुरणं ऐकू येतं. पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून तो आवाज काढतो. शिंगाळा चोखंदळ नाही, घास गिळून जड पावलांनी चालू लागतो, दोरी सावकाश पण न थांबता जाते. वाम आधी आमिष चघळत बसते, दोरीत नुसती कुजबुज येत राहते. इथे घाई केली की अर्धं आमिष परत येतं. दोरी सरळ जाऊ लागेपर्यंत थांबावं. पाकट लागलं की दगडच अडकल्यासारखं वाटतं. ते तळाला चिकटून बसतं, जोर लावून उपयोग नाही. दोरी ताठ धरून तिच्यावर बोटाने वीणेच्या तारेसारखी टिचकी मारत राहावी, थोड्या वेळाने ते कंटाळून उठतं.

तांबोशी आणि गोब्रा यांना मात्र थांबायला वेळ द्यायचा नाही. एक दणका येतो आणि दुसऱ्या क्षणी मासा बिळाकडे वळलेला असतो. पहिल्या पाच सेकंदांत त्याला दोन हात वर उचलला तर तो आपला. दोरी सोडून खेळवायचं हे पृष्ठभागावरच्या माशांसाठी, इथे नाही. रीळ असेल तर त्याचा ब्रेक आवळलेला हवा, हाताची दोरी असेल तर हातात सुती मोजा हवा. दोरी हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळून धरू नये. मोठा गोब्रा लागला तर बोट जातं, अतिशयोक्ती नाही.

तरीही मासा बिळात शिरलाच तर ओढत बसू नये. गोब्रा कल्ले आणि काटे फुगवून दगडाला घट्ट बसतो, जितकं ओढाल तितका घट्ट. दोरी पूर्ण सैल सोडावी आणि पाच-दहा मिनिटं दुसरं काहीतरी करावं. ताण गेला की बहुतेक वेळा तो आपणहून बाहेर डोकावतो. दोरी हलू लागली की एका दमात उचलावी.

वर आल्यावर

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे तीन काटे असतात, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. मेलेल्या शिंगाळ्याचा काटाही तितकाच लागतो. ओलं गोणपाट टाकून मासा दाबावा, पकडीने गळ काढावा आणि काटे मुळाशी मोडावेत. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. उष्णतेने हे विष निकामी होतं आणि ठणका उतरतो. हातापायाला लागलेल्या पाकटाच्या नांगीलाही हाच उपाय. पोळणार नाही हे आधी दुसऱ्या हाताने पाहावं. काटा आत तुटला असेल, जखम खोल असेल किंवा छाती-पोटाला लागली असेल तर वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

शिंगाळ्याचं तोंड उघडून एकदा आत बघावं. गोटीएवढी पिवळट अंडी किंवा पिल्लं दिसली तर तो नर आहे. या जातीत अंडी उबवायचं काम बाप तोंडात करतो आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहतो. मग तो गळाला लागतोच कसा, हे मला अजून उमगलेलं नाही, पण लागतो. त्याला लगेच पाण्यात सोडावं, नाहीतर तो अंडी ओकून टाकतो.

वामेचा गळ काढायच्या भानगडीत पडू नये. डोक्यावर लाकडाचा एक घाव घालावा, तार कापावी आणि गळ घरी जाऊन शोधावा. मेल्यासारखी पडलेली वामही चावते.

दहा वावांहून खोल पाण्यातून आलेल्या गोब्र्याची हवेची पिशवी फुगून पोट तोंडाशी येतं. असा मासा सोडला तरी बहुधा वाचत नाही, पालथा तरंगत राहतो. म्हणून खोल पाण्यात लहान गोब्रे लागू लागले की मोठ्याची वाट बघत बसण्यापेक्षा जागा बदलावी. महाकाय गोब्रा ही जात वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. माणसाच्या उंचीकडे झुकणारा असा मासा चुकून लागलाच तर पाण्यातच दोरी कापावी.

खायचा मासा कल्ल्याखाली चिरून बादलीभर समुद्राच्या पाण्यात रक्त जाऊ द्यावं आणि मग बर्फात. तांबोशीच्या चवीत याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बाजारातून आणणाऱ्याला तो कधी कळत नाही, कारण तिथवर येणाऱ्या माशाचं रक्त कुणी काढत नाही.

घरी आल्यावर गळ, फिरक्या आणि रीळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवावेत, पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. दोरीचे शेवटचे दोन वाव नखाच्या चिमटीतून ओढून बघावेत. खरखर लागली की तेवढी कापून टाकावी. कापलेला तंगूस खडपावर किंवा पुळणीवर टाकू नये. तो कुजत नाही आणि कासवं, पक्षी त्यात अडकतात. तुकडे रिकाम्या बाटलीत भरून घरी आणावेत. शिसं हाताळलं असेल तर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, आणि लहान शिसं दातांनी दाबून बसवायची सवय असेल तर ती सोडावी. पक्कड असतेच सोबत.